रकाना सातवा

दर मंगळवारी चार ते सहा
रामबागेत, वाचनालयामागच्या खोलीत
मी बसतो.
बँकेतून निवृत्त झालेला माणूस, घरून आणलेला स्टॅपलर.

निधी छोटा आहे. तीन महिन्यांचं थकलेलं भाडं,
तेही एकदाच, तेही समितीला पटलं तर.
अर्ज एकपानी, रकाने अकरा.
सहाव्यापर्यंत सगळे सरळ येतात,
नाव, वय, खाणारी किती, कमावती किती.
सातव्याशी पेन अडतं:
मागचं घर सोडण्याचं कारण.

जागा दीड ओळीची.
कुणी लिहितं, 'अडचण'.
कुणी, 'मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं'.
पाटणीपुऱ्यातल्या एका रिक्षावाल्यानं नुसतं
'नळ' एवढंच लिहिलं होतं
आणि मी पुढे विचारलं नाही.
नळावरून काय काय होतं, मला ठाऊक आहे.

या मंगळवारी सेवंती निगवाल आली.
मोठ्या दवाखान्यात रात्रपाळीची आया,
डोळे तांबारलेले, डब्याची पिशवी अजून खांद्यालाच.
ती किराया म्हणते, मी भाडं लिहितो,
आकडा तोच. साडेचार हजार, वीज वेगळी.
सातवा रकाना तिनं कोरा सोडला.
मी म्हटलं, घरमालकिणीची सही लागेल.
ती म्हणाली, ती नाही करणार, बाबूजी.
कागदावर किरायेदार दिसला
तर विधवा पेन्शन कापतात,
असं कुणीतरी तिच्या मनात भरवलंय.

सही नाही, तर भाडेकरू नाही.
भाडेकरू नाही, तर भाडं थकलं कुणाचं?
थकलंच नाही, तर मदत कसली?
चौतीस वर्षं मी असल्याच साखळीतली एक कडी होतो.
न बघता म्हणून दाखवीन.

बुधवारी पाहणीला गेलो.
मालवा मिलच्या मागे, स्कूटर कोपऱ्यावर लावून पायी,
कारण गल्लीत एका वेळी एकच खांदा मावतो.
गेंदाबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती.
मला आणि माझ्या फायलीला बघून म्हणाली,
इथे कुणी राहत नाही.

तिच्या मागे दोरीवर निळ्या काठाची आयाची साडी.
खिडकीत रसायनशास्त्राचं गाईड, पालथं.
वर कुठेतरी कुकर.
एक शिट्टी. दोन.
तिसरीला गेंदाबाईनं मान न वळवता हाक मारली,
"ए छोरी, गैस बंद कर दे!"

मग आम्ही दोघंही
बराच वेळ लसणाकडे बघत राहिलो.

ती म्हणाली, दोन महिने मी मागितलं नाही.
तिच्या पोरीची परीक्षा आहे.
पण माझंही पीठ आता डब्याच्या तळाला लागलंय.
तिनं पाट पुढे सरकवला. मी बसलो.
चहात साखर नव्हती. दोघांपैकी कुणीच तसं म्हटलं नाही.

अहवालात मी लिहिलं: 'घर पाहिले. राहतात.'
एवढंच. सहीच्या जागी काहीच नाही,
कागदाला लसणाचा वास आहे, तो काही जात नाही.

शनिवारी समिती बसेल.
टेंबे वकील चष्मा कपाळावर चढवून विचारतील,
हे नियमात कसं बसवायचं?
आणि सातवा कोरा का?

माझ्या आईनं या गावात सहा घरं सोडली.
प्रत्येक वेळी सामान गेल्यावर
ती रिकाम्या खोलीत परत जायची,
भिंतीतले आपले खिळे उपटायची
आणि चुन्याची भोकं बोटानं पुसायची.
वाकडे, सरळ, सगळे खिळे एका बिस्किटाच्या डब्यात.
कारण तिला कुणी विचारलंच नाही.
विचारलं असतं, तर दीड ओळ तिला पुरली नसती,
किंवा एवढी लागलीही नसती.

डबा माळ्यावर होता. काल खाली काढला.
शनिवारी पिशवीत फाईल असेल, स्टॅपलर असेल,
आणि तो डबाही असेल.
कशाला, ते अजून ठरवलेलं नाही.